ब्रेक पाठवला आहे

सकाळी सव्वासातला, नांदेडच्या वजिराबादेत कचेरीसमोरच्या टपरीवर, चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत विरूपाक्षचा फोन वाजला आणि पलीकडून एक माणूस म्हणाला, "साहेब, तुमच्या मशीनीत नऊ फूट पाणी हाय. आन् मी त्याच हिरीच्या तळाला चप्पल घालून उभा हाय. चप्पल कोरडी हाय." आवाज घुमत होता, पण ओळखीचा होता. निलंगा तालुक्यातल्या माळेवाडीचा व्यंकटी, ग्रामपंचायतीच्या विहिरीवर पाणी सोडायला ठेवलेला माणूस. तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं, चिडलेल्या माणसाला समजावता येतं. हा सावकाश, शिधापत्रिकेवरची नावं वाचून दाखवावीत तसं सांगत राहिला, की विहीर कोरडी पडली म्हणून आपण टँकरसाठी अर्ज दिला, तुमच्या मशीनीनं नऊ फूट पाणी सांगितलं, अर्ज खोटा ठरला, आणि आज चार वाजता निलंग्याच्या कचेरीत खुलासा द्यायला बोलावलंय. पंचायतीतलं काम बहुतेक जाणार. "मी खोटा हाय का मशीन खोटं हाय, तेवढं सांगा. म्हंजी मला तसं बोलता येईल." विरूपाक्ष म्हणाला, येतो. पलीकडून 'हाव', म्हणजे बरं, असं म्हणून फोन ठेवला गेला. विहिरीच्या तळाशीसुद्धा रेंज येते, एवढी एकच गोष्ट विरूपाक्षच्या मनात आली, आणि तीही नको तेव्हा आली.

चहा टाकून देणं त्याच्या जिवावर आलं, म्हणून उभ्या उभ्या तो पिऊन टाकला. चौपन्न वर्षांचं वय. या वयात फोन वाजला की माणसानं दचकू नये, असं त्याला वाटायचं. जे व्हायचं ते होऊन गेलेलं असावं. पण गेले तीन आठवडे प्रत्येक फोनला तो दचकत होता आणि का दचकतो हे त्यानं स्वतःला विचारलं नव्हतं. विचारलं की उत्तर द्यावं लागतं. झोप पुरत नव्हती. घरात चार दिवसांनी नळ येई, तेव्हा जगदेवी, त्याची बायको, पिंपं भरत बसे आणि हा तिच्या मागं उगाच उभा राही. ती म्हणे, काय झालंय तुम्हाला? हा म्हणे, उन्हाळा. चालून जाणारं उत्तर होतं. या वर्षी नांदेडला काय, लातूरला काय, कुणालाही काहीही विचारलं तरी उन्हाळा हे उत्तर चालत होतं.

विरूपाक्ष ड्रायव्हर लिहायचा. हे सांगितलं की लोक गाडीचं विचारत, म्हणून तो सांगायचं टाळे. यंत्रात वरचा एक प्रोग्राम असतो, हुकूम सोडणारा. खाली तार असते. मधला जो निरोप्या वरचं ऐकतो, खाली तारेवर ते करतो आणि वर येऊन झालं की नाही ते सांगतो, तो ड्रायव्हर. निरोप्याचं काम हलकं समजलं जातं, पण घर त्याच्या जिभेवर चालतं. एप्रिलच्या मध्याला लातूरहून हुकूम आला, चाळीस विहिरींवर चाळीस पेट्या, पंधरा दिवसांत. मिरजेहून लातुरात पाण्याची रेल्वे सुरू झाली होती, रोज कुणीतरी मोठा माणूस यायचा आणि कुठल्या गावाला किती पाणी आहे ते आत्ताच्या आत्ता विचारायचा. पेटीनं तासातासाला विहिरीतल्या मीटरला विचारावं, मोबाइलवरून लातूरला आकडा पाठवावा, आकडा बघून टँकरची यादी व्हावी, असं ठरलं. मीटर जुन्या घडणीचं होतं. बॅटरी पुरावी म्हणून ते झोपून राही, आणि झोपेत अक्षरं ऐकत नसे. त्याला उठवायला ब्रेक द्यावा लागे. ब्रेक म्हणजे अक्षर नव्हे. एरवी तारेवरून अक्षरं एकामागोमाग झरझर निघून जातात. ब्रेक देताना तीच तार पाव सेकंद दाबून धरायची, कुठलंही अक्षर एवढं लांब नसतं इतकी. मग पलीकडच्याला कळतं की हे बोलणं नाही, आपल्याला कुणीतरी हलवून उठवतंय. उठल्यावर मीटर पाणी मोजी. पाणी बोटभर जरी हललं असेल तर आकडा सांगे, नसेल हललं तर गप्प राही. म्हणजे ब्रेक दिल्यावर मीटर गप्प राहिलं, तर पाणी होतं तेवढंच आहे असं धरायचं. यात चूक काहीच नव्हती. फक्त ब्रेक खरोखरच दिलेला असायला हवा होता.

तो दिला जात नव्हता. घाईगर्दीत नेहमीची चिप मिळेना, म्हणून दुसरी स्वस्तातली आणली, आणि त्या चिपला ब्रेक देताच येत नव्हता. अशा वेळी ड्रायव्हरनं वर सांगावं, मला हे जमत नाही. त्यासाठी ठरलेला उणे आकडा आहे, तो परत द्यायचा, की वरचा प्रोग्राम समजून घेतो आणि पडद्यावर 'संपर्क नाही' असं लिहितो. विरूपाक्षनं तो आकडा लिहिलाही होता. पण लिहिल्यावर वरचा प्रोग्राम हटून बसला, सुरूच होईना, आणि सकाळी पेट्या भरायला टेम्पो दारात उभा. त्यानं उणे आकडा खोडला, तिथं शून्य टाकलं. शून्य म्हणजे झालं, सगळं ठीक. बाजूला शेरा मारला, नंतर बघणे. चिपला फसवून ब्रेक द्यायची एक तोडही त्याला ठाऊक होती: तारेचा वेग एकदम खाली आणायचा आणि एक रिकामं अक्षर सोडायचं, ते इतकं रेंगाळतं की पलीकडच्याला तार दाबल्यासारखीच वाटते. दोन दिवस तपासावं लागलं असतं. ते दोन दिवस नंतर आलेच नाहीत. पेट्या बसवताना मिस्त्रीनं मीटरचं बटण हातानं दाबलं, मीटर उठलं, खरा आकडा बोललं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मीटर झोपी गेलं ते गेलंच. माळेवाडीला त्या दिवशी साहेबलोक येणार म्हणून तीन टँकर विहिरीत रिकामे केले होते. नऊ फूट पाणी ते. अरुंद विहीर, ते पाणी गावानं दहा-बारा दिवसांत संपवलं. लातूरच्या पडद्यावर मात्र ते हललं नाही. दर तासाला पेटीच्या नोंदीत एक ओळ उमटत होती, 'ब्रेक पाठवला आहे', आणि खाली नऊ फूट.

माणिकप्पा आठला आला. कंपनीचा मालक, वयानं सोळा वर्षांनी लहान, विरूपाक्षला काका म्हणणारा, वाईट माणूस मुळीच नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, आणि पंखा बंद करून म्हणाला की काका, तुम्ही तोड काढा, चार-पाच दिवसांत सगळ्या पेट्यांवर चढवा, आकडे आपोआप खरे होतील. विचारलं तर रेंजचा प्रॉब्लेम होता म्हणायचं. उदगीर जिल्हा होणार म्हणून बोलवा आहे, आज ना उद्या होणारच, आणि झाला की तिथलं सगळं काम आपल्याकडं येणार आहे. आत्ता आपलंच यंत्र खोटं बोललं असं आपणच सांगायचं म्हणजे काय. विरूपाक्ष म्हणाला, तो माणूस विहिरीच्या तळातून फोन करत होता, रेंज आहे तिथं. माणिकप्पानं खुर्ची जवळ ओढली. "काका, त्याला काय लागंल ते आपण बघू की. पण लेखी काही देऊ नका." यावर विरूपाक्षनं मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे माणिकप्पानं आपल्या सोयीनं धरलं आणि विरूपाक्षनं धरू दिलं. आयुष्यभर त्याची मान अशीच हलत आली होती.

एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली ती उन्हाच्या बाजूची. लोह्यापर्यंत दोन्हीकडं काळी रानं भेगाळून पडलेली, झाडाखाली जनावरं नाहीत, जनावरं छावणीला गेलेली. मांडीवर लॅपटॉप धरून तो तोड लिहायला बसला आणि दोन ओळींवर थांबला. अप्पा आठवले. अप्पांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, संगप्पांचं लातुरात गंजगोलाईत दोर, बादल्या, कप्प्या, कुलपं असं दुकान होतं. सकाळी लिंगपूजा आटोपून, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून गादीवर बसले की रात्री दुकान बंद होईपर्यंत त्यांच्या तोंडून 'नाही' हा शब्द निघत नसे. दुकानात नाही म्हटलं की लक्ष्मी उंबऱ्यावरून परत जाते, अशी समजूत. माल नसला की म्हणायचे, उद्या येतोय. कप्प्या आठ महिने उद्या येत होत्या. लहानपणापासून विरूपाक्षच्या हाडीमाशी ते मुरलं होतं, घरात कुणीच कुणाला सरळ नाही म्हणत नसे, अव्वा, म्हणजे आईसुद्धा, साखर संपली म्हणायची नाही. पण आज, डोक्यावर ऊन घेत, त्याला एक गोष्ट पहिल्यांदाच कळली. अप्पा उद्या म्हणायचे तेव्हा गिऱ्हाईक त्यांच्या तोंडाकडं बघायचं. अप्पांची नजर जरा बाजूला जायची, हात उगाच तराजूवर जायचा, आणि शहाणं गिऱ्हाईक समजून शेजारच्या दुकानात चढायचं. तोंड दिसत होतं म्हणून ते चालून गेलं. ड्रायव्हरला तोंड नसतं. त्यानं झालं म्हटलं की वरच्याला ते झालंच असतं. आपण अप्पांची गादी उचलून अशा जागी नेऊन ठेवली की जिथं बघणारं कुणी नाही, असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं लॅपटॉप मिटला.

आणि असं नव्हतं की त्याला शिकवणारं कुणी भेटलं नव्हतं. ब्याऐंशी साली लातूर उस्मानाबादेतून निघून जिल्हा झाला तेव्हा विरूपाक्ष वीस वर्षांचा, पदविका घेऊन तारघरात हंगामी लागलेला. नवा जिल्हा, दुकानांच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' लोकांनी हौसेनं पुसून काढलेलं, मोठी कचेरी अजून भाड्याच्या इमारतीत, आणि तारघरात दिवसभर टेलिप्रिंटर खडखडत असलेला. त्यावर गुरुलिंग मास्तर बसायचे. हैदराबादेत निजामाच्या तारखात्यात उमेदवारी केलेला माणूस, तोंडात पान, निम्मं बोलणं उर्दूतून. यंत्रावर ब्रेकची एक कळ होती. पलीकडचा पाठवत सुटला आणि इकडं कागद अडकला, की ती कळ दाबायची. मग पलीकडचं यंत्र अक्षरं न उमटवता नुसतं खडखडे, आणि तो माणूस हात थांबवे. मास्तर म्हणायचे, मियाँ, ही कळ म्हणजे बोलणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवणं आहे, अदबीनं ठेवावा. आधी तुझ्या हातातली अक्षरं तारेवरून निघून जाऊ दे, नाहीतर तुझंच शेवटचं वाक्य तू चिरडशील. मग दाब, आणि पुरता वेळ धर. लगेच सोडलास तर त्याला ते एखादं चुकलेलं अक्षर वाटेल. आणि धरलास तर सोडायला विसरू नको. एकदा विरूपाक्ष घाबरून बोट उचलायचंच विसरला होता आणि लातूरची तार वीस मिनिटं मुकी झाली होती. मास्तर रागावले नाहीत. ते रागावले वेगळ्याच दिवशी. तार तुटलेली होती, ब्रेक पलीकडं पोचणं शक्यच नव्हतं, आणि विरूपाक्षनं सवयीनं वहीत लिहिलं, ब्रेक दिला. मास्तरांनी वही फिरवून त्याच्यासमोर ठेवली. "गेला नाही तर गेला नाही लिही. तुझ्या या ओळीवर कुणीतरी तिकडं निर्धास्त झोपेल." चौतीस वर्षांत विरूपाक्षनं किती यंत्रांचे ड्रायव्हर लिहिले. यातलं पहिलं, दुसरं, तिसरं त्यानं कधीही चुकवलं नाही. अक्षरं निघून जाईपर्यंत थांबायचं, मोजून धरायचं, आठवणीनं सोडायचं, यात त्याचा हात कुणी धरला नसता. चुकलं ते एवढंच, वहीत खरं लिहायचं.

अहमदपूरच्या स्टँडवर गाडी वीस मिनिटं थांबली. लोक उतरले, बाटल्या घेऊन नळाकडं गेले आणि तशाच रिकाम्या बाटल्या घेऊन परतले. इथं बसल्या बसल्या त्याला ते टाळता आलं नाही, सकाळपासून ज्याच्याभोवती तो फिरत होता ते. व्यंकटीचा हा पहिला फोन नव्हता. म्हणूनच तर आवाज ओळखीचा होता. दहा दिवसांपूर्वी, असाच सकाळी, पेटीवर चिकटवलेला नंबर लावून व्यंकटीनं विचारलं होतं की साहेब, पाणी संपत आलंय, आकडा का खाली येईना? विरूपाक्षनं कचेरीतल्या पडद्यावर माळेवाडीची नोंद उघडली. 'ब्रेक पाठवला आहे.' ही ओळ कुणी लिहिली, कशी लिहिली, तिच्या मागं काय आहे आणि काय नाही, हे जगात एकट्या त्यालाच माहीत होतं. तरी ती ओळ वाचून त्याला क्षणभर बरं वाटलं. आपणच लिहिलेल्या खोट्यानं आपल्यालाच धीर दिला. "सिग्नल गेलाय, व्यंकटी. उद्यापर्यंत आकडा येईल," असं तो म्हणाला होता. अगदी अप्पांच्या आवाजात. व्यंकटीला त्याचं तोंड दिसत नव्हतं. व्यंकटी म्हणाला होता, बरं साहेब, आणि उद्याची वाट बघत बसला होता.

निलंग्याहून काळीपिवळीनं माळेवाडी गाठायला पावणेदोन झाले. व्यंकटी फाट्यावर, गावाच्या पाटीखाली उभा होता, पस्तिशीचा, उंच, चार वाजता जायचं म्हणून धुतलेला सदरा घातलेला. धुवायला पाणी कुठून आणलं असेल, असं विरूपाक्षच्या मनात येऊन गेलं. आधी घरी चला म्हणाला. घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. दारात बाजेवर त्याची बायको सिंधु बसलेली, उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरात. शनिवारी हिरीत उतरली व्हती, पायरी निसटली, एवढंच व्यंकटीनं सांगितलं. कशाला उतरली होती, असं विरूपाक्षनं विचारलं, तर तो म्हणाला, पाणी बघाया. पाणी नाही हे तर तुम्हाला आधीच माहीत होतं, असं विरूपाक्षच्या ओठावर आलं, पण व्यंकटी दुसरीकडं बघत होता. सिंधुनं बाजेखालून तांब्या ओढला आणि पेलाभर पाणी पुढं केलं. त्याला नको म्हणायचं होतं. नको म्हणणं म्हणजे त्यांच्या घरचं पाणी नाकारणं, आणि अर्धं पिऊन ठेवावं तर ते उष्टं वाया. त्यानं सगळं पाणी पिऊन टाकलं. तीन कोसांवरच्या कुणाच्या तरी बोअरचं, जरा खारट पाणी. पेला परत घेताना सिंधुनं त्याच्याकडं नीट बघितलं. "तुमीच का मशीनवाले," ती म्हणाली. तो म्हणाला, हो. ती पदर सारखा करून भिंतीकडं सरकली.

विहिरीवर पेटी उन्हानं तापलेली होती, हात लावता येईना. व्यंकटीनं आपला गमछा दिला. विरूपाक्षनं झाकण उघडलं, मीटरकडं जाणारी तार पेटीतून सोडवली आणि थैलीतल्या जुन्या अडॅप्टरला जोडली, ब्रेक देता येणाऱ्या. मग लॅपटॉपवर हुकूम दिला. आधीची अक्षरं निघून गेली, तार दाबली गेली, पाव सेकंद धरली गेली, सुटली. त्याला हे सगळं दिसत नव्हतं, पण बोटाला कळत होतं, वीस वर्षांच्या वयापासून कळत आलेलं. खाली कोरड्या विहिरीत मीटर एकवीस दिवसांनी जागं झालं आणि पडद्यावर आकडा उमटला. शून्य. व्यंकटी वाकून बघत होता. "म्हंजी हे इतके दिवस झोपलं व्हतं," तो म्हणाला. विरूपाक्ष म्हणाला, हो. "आन् उठवत कोण न्हवतं." हो. यापुढचा प्रश्न व्यंकटीनं विचारला नाही. तो विचारील म्हणून विरूपाक्ष मान खाली घालून बसून राहिला, तार गुंडाळत राहिला, तार संपली तरी हात फिरत राहिले. विचारलं असतं तर बरं झालं असतं. न विचारणाऱ्या माणसापुढं खोटं बोलायचीसुद्धा सोय राहत नाही.

दुपारचे अडीच. पुढं दोन वाटा होत्या आणि दोन्ही अगदी साफ दिसत होत्या. तोड चढवायची, म्हणजे चार-पाच दिवसांत चाळीस पेट्या हळूहळू खरं बोलू लागतील, रेंजवर सगळं ढकलता येईल, माणिकप्पाचा नवा जिल्हा शाबूत राहील. पण तोवर यादी खोट्या आकड्यांवर निघेल. आणि व्यंकटीनं अर्ज दिला त्या तारखेला विहिरीत नऊ फूट पाणी होतं, हे कचेरीच्या कागदावर कायमचं राहील. रेंज आज गेली म्हटलं तरी व्यंकटी त्या दिवशीचा खोटाच. दुसरी वाट म्हणजे ती एक ओळ. शून्य खोडायचं आणि उणे आकडा परत लिहायचा. विहिरीच्या काठावर, गमछा डोक्यावर घेऊन, त्यानं ते केलं. वरचा प्रोग्राम ज्या कारणानं हटून बसत होता ती अटही दोन मिनिटांत काढून टाकली. एप्रिलमध्ये हे दोन मिनिटांचं काम त्याला सुचलं नव्हतं, की सुचवून घेतलं नव्हतं, कुणास ठाऊक. मग मोबाइलवरून ते चाळीसही पेट्यांना सोडलं. वीस मिनिटं तो पडद्याकडं बघत बसला. एकेक गाव आकडा टाकून देत होतं आणि तिथं 'संपर्क नाही' असं उमटत होतं. एकोणचाळीस गावं. माळेवाडी तेवढी, त्यानं लॅपटॉपवरून हातानं पाठवलेल्या शून्यावर. इतका थकवा त्याला जन्मात आला नव्हता, आणि तरी कुठंतरी अंग हलकं झाल्यासारखं वाटत होतं, ताप उतरताना वाटतं तसं.

त्यानं स्वतःच लातूरला किशनरावांना फोन लावला. किशनराव टंचाईच्या कचेरीत बसून टँकरची यादी करायचे, सरळ, त्रासलेला माणूस. त्यांचा पडदा आधीच गडबडला होता. विरूपाक्षनं त्यांना शांतपणे सांगितलं की आकडे गेले नाहीत, ते नव्हतेच. पेटी मीटरला उठवतच नव्हती आणि उठवलं असं सांगत होती. बसवल्या दिवसाचा आकडा तुम्ही आजवर बघत आलात. तेव्हा आजच्या यादीत चाळीसही गावं माणूस पाठवून तपासावीत. मग किशनरावांनी विचारलं, हे केव्हा लक्षात आलं तुमच्या? व्यंकटी तीन हातांवर उभा होता. आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. ते अर्धं खरंही झालं असतं. विरूपाक्षनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लक्षात यायचं काय, साहेब. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती ओळ मीच लिहिली."

लेखी द्या, किशनराव म्हणाले. तारखेनिशी. आणि फोन ठेवला.

विरूपाक्षनं तिथंच, व्यंकटीच्या अर्जाच्या नकलेच्या कोऱ्या बाजूवर लिहून काढलं. माळेवाडीच्या विहिरीबाबत व्यंकटी यांनी दिलेली माहिती पहिल्यापासून खरी होती. यंत्रानं दिलेली माहिती खोटी होती. ती तशी का होती. कुणामुळं होती. दहा दिवसांपूर्वी त्यांनी फोन केला तेव्हा काय सांगण्यात आलं. खाली सही, नाव, फोन नंबर. माणिकप्पाचा चेहरा डोळ्यापुढं आला, बरं नाही वाटलं, पण सही झाली होती. व्यंकटीनं कागद घेतला, शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचला, दोनदा वाचला. आता हा काहीतरी बोलेल, शिवी देईल, निदान सिंधुच्या पायाचं बोलेल, म्हणून विरूपाक्ष उभा राहिला. व्यंकटीनं घड्याळ बघितलं. सव्वातीन झाले होते, निलंग्याला निघायला हवं होतं. पण तो निलंग्याच्या वाटेला लागला नाही. "साहेब, एक काम करा," तो म्हणाला. "हे आधी घरी वाचून दावा. मी वाचलं तर ती म्हणंल, मनचंच वाचताव."

दारात बाजेसमोर उभं राहून, सरकारी माणसापुढं वाचावं तसं, विरूपाक्षनं सगळं वाचलं. आपलं नाव आलं तिथं आवाज चोरला नाही. सिंधु खाली बघून ऐकत होती. वाचून झाल्यावरही ती खालीच बघत राहिली, प्लास्टरच्या कडेला निघालेला दोरा बोटानं ओढत राहिली. मग नवऱ्याकडं न बघता, विरूपाक्षकडंही न बघता, ती म्हणाली, "गाव म्हणत व्हतं, मशीन कशाला खोटं बोलंल, मशीनला काय लेकरंबाळं हायती का. ह्यो रोज सांगायचा, तळ कोरडा हाय, तळ कोरडा हाय. मला वाटलं, ह्योच टँकरसाठी खोटं बोलतोय." आणि मग खूप हळू, जणू हे फक्त व्यंकटीनं ऐकावं, "म्हणून उतरले व्हते मी. पाणी कुठं दडलंय ते बघाया."

व्यंकटीनं विरूपाक्षच्या हातातून कागद घेतला, घडी घालून धुतलेल्या सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि तिच्या शेजारी, बाजेच्या कडेवर बसला. चारला उशीर होत होता, तरी बसला.